म्हसोबाची नळी

पहिला घास तोंडात गेला आणि माझं चावायचंच थांबलं. समोर मैत्री बोलत होती, तिच्या ताथवड्याच्या सोसायटीतल्या बंद पडणाऱ्या लिफ्टबद्दल काहीतरी, आणि कँटीनमध्ये रविवारचा नेहमीचा कलकलाट होता. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी सगळं चाकण कामाला जुंपलेलं असतं. ताटांचे आवाज, पंखे, कोणाच्या तरी मोबाईलवर लागलेली मॅच. ते सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त मी तिथं नव्हते. माझ्या जिभेवर कच्चट हळद होती, सालासकट ठेचलेला लसूण होता, बाभळीच्या जळणाचा धूर होता आणि मीठ कमी होतं. हे माझ्याआधी माझ्या जिभेला कळलं, आणि तिनं ते कुठून काढलं म्हणाल तर चौतीस वर्षं मागून. मी सात वर्षांची होते. गोठ्यामागं उकिडवी बसले होते, दोन्ही मुठींत एक नळी धरून, आणि कोणी येतंय का म्हणून एक डोळा वाटेवर ठेवून.

नळी म्हणजे बकऱ्याच्या पायाचं हाड, आतून पोकळ, पोकळीत मऊ गर. तोंडाला लावून ओढायची, मग सुर्रकन आवाज येतो आणि गर येतो. हा आवाज बाईमाणसानं करायचा नसतो. आमच्या कँटीनमध्ये तसं कुठं लिहिलेलं नाही, पण वाढणाऱ्या ज्योतीरामला ते पाठ आहे. तो लातूरकडचा, मनाचा मोठा, हाताचा सढळ, तरी पुरुषाच्या ताटात न विचारता चार चपात्या टाकतो आणि माझ्या ताटात न विचारता दोन. नळीसाठी तर तो आमच्या बाजूला डावच वळवत नाही. मी अकरा वर्षं या कंपनीत आहे, क्वालिटीत. रोज शेकडो पार्ट गेज लावून पास करते नाहीतर लाल क्रेटमध्ये फेकते, माझ्या सहीशिवाय एक ट्रक गेटबाहेर जात नाही, आणि अकरा वर्षांत मी त्या माणसाला एकदा तिसरी चपाती मागितलेली नाही. घरी जाऊन फरसाण खाते. काय म्हणावं या बाईला! आज मात्र तो हसत आला होता. "मॅडम, आज स्पेशल हाय. घ्या, लाजू नका," म्हणाला आणि दोन फोडी आणि रस्सा वाढून गेला. मैत्री चोवीस वर्षांची, नुकतीच लागलेली इंजिनिअर, तिनं त्याला मागून हाक मारली, "दादा, नळी आहे का एखादी?" शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. ज्योतीराम गोंधळला, मग डाव खोल घालून त्यानं नळी काढली, तिच्या ताटात ठेवली, आणि तिनं ती उचलून तोंडाला लावली. आवाज आला. छत काही कोसळलं नाही.

मी मात्र घास गिळू शकत नव्हते, थुंकूही शकत नव्हते. कारण ही चव बाजारातल्या कुठल्या मसाल्याची नव्हती, ती आमच्या म्हसोबाची होती. आज चैत्रातला शेवटचा रविवार, म्हसोबाचा दिवस, हे मला सकाळपासून माहीत होतं. आमची जमीन कंपन्यांत गेली तेव्हा बांधावरचा म्हसोबाही गेला. आता तो शेंदूर फासलेला धोंडा कंपाउंडच्या आत आहे, स्क्रॅप यार्डच्या मागं, आणि वर्षातून एकदा आमच्या भावकीतल्या पुरुषांना गेट पास मिळतो. बकरं बाहेर कापतात, आत तीन दगडांवर पातेलं चढवतात. शिजवायचं पुरुषांनीच. वर्षातून एकदा शिजवतात आणि मग वर्षभर सांगतात की बायकांना काय येतंय मटण. खायचं पुरुषांनीच, तिथंच, पत्रावळीवर. घरी आणायचं नाही. उरलं तर खड्डा करून पुरायचं. बाईनं खायचं नाही, वास आला तर नाकाला पदर लावायचा. का, ते कोणी सांगत नाही. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील लक्ष्मणराव, म्हणाले होते, "कडक देव हाय." एवढंच. मला तेव्हा वाटलं होतं की देव कडक असेल म्हणून मटणही कडक असेल, दातांना न तुटणारं. आणि मला एवढंच बघायचं होतं की तुटतं का.

मी घास गिळला. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ रविराज कँटीनच्या दारात दिसला, कपाळाला गुलाल, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला, रिकामी बादली न्यायला आलेला. नवे प्लांटहेड साहेब बाहेरचे, त्यांनी हौसेनं म्हटलं होतं की आम्हालाही चाखू द्या तुमचा प्रसाद, आणि परवानगी देणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून यानं चार साहेबांपुरती बादली पाठवली होती. ज्योतीरामला वाटलं स्टाफसाठी आहे, त्यानं सगळ्यांना वाटली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त रवीकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "अरे, हे म्हसोबाचं आहे ना?" त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्या ताटाकडे बघितलं, मैत्रीच्या तोंडातल्या नळीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "ताई, ते साहेब लोकांसाठी होतं." मी म्हणाले, मीही साहेबच आहे इथं. तो हसला नाही. साहेब म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर मिशाच येतात, त्याला तो तरी काय करणार. मग त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, "पण तुला कसं कळलं गं?"

तुला कसं कळलं. आमच्या घरात ही चव ओळखणारी बाई असूच शकत नाही. माझ्या आजीनं ती घेतली नव्हती, आईनं घेतली नव्हती. एक बाई सोडून, आणि ती मी नव्हते, असं सगळ्या भावकीला चौतीस वर्षं माहीत आहे. "अंदाज," मी म्हणाले. "तुझ्या कपाळाचा गुलाल बघून." त्यानं मान हलवली. त्याला पटलं. खोटं बोलण्याची मला किती सवय आहे ते तेव्हा मला कळलं, कारण मला घामसुद्धा आला नाही. तो खाली वाकून म्हणाला, "हे बघ, नकळत खाल्लंस, त्याचं काही धरत नाहीत. कोणाला बोलू नको. गुरुवारी वास्तुशांत आहे, थोरली लेक म्हणून दूध तुलाच उतू घालवायचंय. उगाच चर्चा नको." आणि रिकामी बादली घेऊन गेला. मी हात धुतले, तीनदा धुतले. वास गेला नाही. खरं सांगायचं तर मला तो जायला नको होता.

लाईनवर परत आले. गेज भोकात घालायचं, एक टोक जायला पाहिजे, दुसरं जायला नको. जायला पाहिजे, जायला नको. हात करत होते, मी मात्र बांधावरून चालले होते. माझ्या डोक्यावर कळशी आहे, पुरुषांना पाणी न्यायचं, पण बाभळीपर्यंतच, पुढं मुलींनी जायचं नाही. ऊन असं की जमीन हलल्यासारखी दिसतेय. मी कळशी बाभळीखाली ठेवते. पुरुष जेवून सावलीला आडवे झालेत, आप्पांच्या पोटावर माशी बसलीय, आणि अगदी बाभळीच्या अलीकडे, माझ्या पायाशी, एक पत्रावळ वाऱ्यानं उडून आलीय. तिच्यावर एक नळी आहे. मी चोरली नाही, ती माझ्याकडे चालत आली, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते. उचलली, परकरात गुंडाळली आणि पळत सुटले. गोठ्यामागं गाईच्या शेणाचा वास आणि हळदीचा वास एकत्र झाले, आणि मी बाहेरचं मांस दातांनी ओढून खाल्लं. तुटत होतं. मजेत तुटत होतं. अळणी लागलं, तरी इतकं चांगलं मी तोवर काही खाल्लं नव्हतं, कारण घरी मटण झालं की आम्हा पोरींच्या वाट्याला रस्सा आणि बटाटा यायचा. मग मी नळी तोंडाला लावून ओढायला लागले, गर येईना, आणि तेवढ्यात माझ्यावर सावली पडली.

छबूआत्या होती. आप्पांची धाकटी बहीण, चोवीस वर्षांची, सात महिन्यांची पोटुशी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचे गाल तेव्हा वर आले होते आणि ती सारखी हसायची. त्या दिवशी हसली नाही. तिनं माझ्या हातातून नळी ओढून घेतली, दुसऱ्या हातानं पदराच्या टोकानं माझं तोंड खसाखसा पुसलं, ओठ सोलतील इतकं, आणि कुजबुजली, "गप. गप बस." मागून आप्पांचा आवाज आला. ते सुरा ठेवायला गोठ्यात आले होते. त्यांनी काय बघितलं? बहिणीच्या हातात नळी, पदराला हळद, आणि पोट पुढं आलेलं. पोटुशी बाई, डोहाळे, जीभ सुटली असणार, अजून काय हवं! बाईच्या जिभेबद्दल लोकांना सगळं आधीच माहीत असतं. "छबे," आप्पा म्हणाले, "चार घटका जीभ आवरली न्हाई व्हय तुला?" मी तिच्या मागं होते, तिच्या लुगड्यात तोंड खुपसून. मला तिचं पोट आतून हललेलं कळलं, किंवा कळलं असं मला वाटतं. ती काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. मी सात वर्षांची होते हे खरं आहे, पण पुढं मी सतरा झाले, सत्तावीस झाले, आता एक्केचाळीस आहे.

महिन्याभरात ती बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. बाळ रडलं नाही. सासरची माणसं आली, बसली नाहीत, पाणी घेतलं नाही. सासू अंगणातूनच म्हणाली की म्हसोबाचं खाल्लेली बाई आमच्या दारात नको. नवरा आलाच नाही. पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केल्याचं कळलं आणि त्या दिवशी आत्यानं नेहमीसारख्या भाकरी थापल्या. मला पक्कं वाटायचं की मीच मारलं ते बाळ. मी खाल्लं आणि देव चुकला, त्याला वाटलं तिनंच खाल्लं. मोठी झाले, शिकले, डिप्लोमा केला, असलं काही नसतं हे मैत्रिणींना तावातावानं सांगायला लागले, आणि आरोहीच्या वेळी गरोदर असताना पाचव्या महिन्यापासून रोज सकाळी पोटावर हात ठेवून ती हलेपर्यंत अंथरुणातून उठले नाही. आरोही छान झाली, आता दहा वर्षांची आहे. मला तर आनंदानं वेड लागायला हवं होतं. मी रडत बसले. सगळ्यांना वाटलं बाळंतिणीचं हळवेपण आहे, आणि छबूआत्या मला डिंकाचे लाडू घेऊन थेरगावला माझ्या घरी आली. म्हणजे लाडू तिनंच केलेले, पण माझ्या भावजयीनं, प्राजक्तानं केलेत असं सांगत आली. तिच्या हातचं बाळंतिणीला चालत नाही ना.

तिच्या हातचं काय चालतं आणि काय चालत नाही याची आमच्या घरात बारीक वाटणी आहे. रोजच्या भाकऱ्या चालतात, तिसाच्या तीस. लोणचं, पापड, सुगीच्या दिवसांत गड्यांचा स्वयंपाक, आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं तिला भरवलेली पेज, सगळं चाललं. नैवेद्याचं ताट चालत नाही. लग्नाच्या पुरणाला तिचा हात चालत नाही. सवाष्णीची ओटी तर सोडाच. आणि त्या दिवसापासून ती मटण खात नाही. घरात शिजलं की ती अंगणात भाकरी-ठेचा घेऊन बसते, आणि बायका एकमेकींना डोळ्यांनी सांगतात की बघा, पस्तावा. मी सतरा वर्षांची असताना एकदा धीर केला होता. ती चुलीपुढं होती. मी म्हणाले, "आत्या, ती नळी..." तिनं भाकरी जोरात थापली, एवढी की तिचा काठ फाटला. "तवा तापलाय, सरक," म्हणाली. मी सरकले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी अंगणात जाऊन झोक्यावर बसले. त्या झोक्याची मला आजही लाज वाटते. मी भित्री होते, बाकी काही नाही. माझं लग्न ठरायचं होतं, मग झालं होतं, मग मूल व्हायचं होतं. गप्प राहायला दरवेळी काहीतरी निमित्त मिळायचं आणि दरवेळी ते मला पटायचं.

साडेतीनला शिफ्ट सुटली. मी कंपनीच्या बसकडे न जाता कँटीनमध्ये गेले. ज्योतीराम भांडी लावत होता. "दादा, दुपारचं स्पेशल उरलंय का?" तो म्हणाला, "थोडं हाय मॅडम, नळी बी हाय एक. पर तुमी न्हाई ना खात." मी डबा पुढं केला. "घाला. आणि उद्यापासून मला चपात्या किती पाहिजेत ते विचारून वाढा." त्याला वाटलं मी रागावलेय. "चुकलं का काय मॅडम?" बिचारा! त्याचं काही चुकलं नव्हतं, मी अकरा वर्षं तोंड उघडलं नव्हतं. डबा गरम नव्हता, तरी पिशवीतून मांडीला ऊब लागतेय असं मला रवीच्या गाडीत बसल्यावर वाटत राहिलं. मीच त्याला म्हणाले होते की मला गावाकडं सोड, आत्याला भेटायचंय.

तळेगाव चौकात नेहमीसारखे कंटेनर अडकले होते. काच वर, एसी चालू, बाहेर सगळी धूळ, आणि तिच्यात मागच्या मागं माझं गाव वितळत चाललेलं. ही कंपनी आमची विहीर होती, तो पेट्रोल पंप चिंचेचं झाड. मी पापण्या मिटल्या की बांध दिसायचा, उघडल्या की डिव्हायडर. रवी चऱ्होलीच्या नव्या फ्लॅटबद्दल सांगत होता. आठवा मजला, किचनमध्ये खालपासून वरपर्यंत कपाटं, गुरुवारी सकाळी साडेनऊचा मुहूर्त. "आत्याला नंतर नेऊ," तो म्हणाला. "मला स्वतःला काही वाटत नाही गं. पण प्राजक्ताच्या माहेरची माणसं येणार, त्यांना कोणीतरी कानात सांगतंच. शुभकार्य आहे. आत्यालाही मनाला लागेल. त्यापेक्षा दोन दिवसांनी शांतपणे घेऊन जातो." "आणि तिची जेवायची सोय?" "डबा पाठवीन की." किती मायेनं म्हणाला! तो वाईट माणूस नाही. त्याला तिनंच मोठं केलंय, तिच्या मांडीवरच तो झोपायचा. मी म्हणाले, "रवी, आज मी खाल्लं, त्याचं काही धरत नाहीत, मग तिचं का धरलं?" तो म्हणाला, "तू नकळत खाल्लंस ना." मी पिशवी घट्ट धरली. आत्ता बोल, आत्ता बोल. पुढचा कंटेनर हलला, त्यानं हॉर्न दिला, आणि तो क्षणही गेला. पण या वेळी मला हलकं वाटलं नाही. मग मी ठरवलं की आता बोलायचं ते तिच्यासमोरच.

आत्या मागच्या दारी लसूण सोलत बसली होती. अठ्ठावन्न वर्षांची, वाळलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "आलीस व्हय," म्हणाली, "च्या टाकते." मी तिला बसवलं. ताटली आणली, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि डबा उघडला. वास आला. तिनं नाक मुरडलं आणि मग तिचा सोलता हात थांबला. दारात रवी बूट काढत होता. "ताई," तो ओरडला, "अगं, हे घरात... तुला अक्कल आहे का?"

"रवी, इथं ये," मी म्हणाले. माझा आवाज माझा वाटत नव्हता, लहान मुलीचा वाटत होता. "तू दुपारी विचारलंस मला कसं कळलं. मला चव माहीत होती. त्या वर्षी नळी मी खाल्ली होती. गोठ्यामागं. आत्यानं माझ्या हातातून काढून घेतली आणि तेवढ्यात आप्पा आले. तिनं जिभेलासुद्धा लावली नव्हती. मी खाल्लं, मला काही झालं नाही. माझं शिक्षण झालं, मला नोकरी लागली, नवरा झाला, लेक झाली. आणि तुम्ही गुरुवारी दूध उतू घालवायला मला बोलावताय." एवढं एका दमात बोलले आणि मग मला रडू फुटलं, अगदी शेंबूड येईपर्यंत.

रवी एक बूट हातात धरून उभा होता. त्यानं आत्याकडे बघितलं. "आत्या? खरं आहे?"

"व्हय," आत्या म्हणाली. लसणाची साल तिनं बोटावरून झटकली. "काय रडाय झालं एवढं. उठ, तोंड पूस."

"मग तू बोलली का नाहीस?"

"हिचं नाव निघालं असतं तर जलमभर निघालं असतं. सात वरसाची पोरगी. मला वाटलं, माझं काय, मी आता लेकुरवाळी व्हनार, चार दिसांत इसरतील समदी." अंगणात कोंबडी माती उकरत होती. "पुढचं काय मला ठावं व्हतं का?"

मग रवी म्हणाला, आणि असलं काहीतरी तोच म्हणू शकतो, "पण मग तू मटण का सोडलंस? आम्हाला वाटलं, प्रायश्चित्त म्हणून."

"सोडाय मी खात कवा व्हते?" आत्या म्हणाली. आता ती चिडली होती, चौतीस वर्षांत मी तिला पहिल्यांदाच चिडलेली बघत होते. "मला त्याचा वासच सोसत न्हाई. बारकी असल्यापासनं. कुनी इचारलं का? तुज्या आप्पानं इचारलं का, छबे, तू मटण खातीस का म्हनून?"

मी हसायला लागले. रडता रडता हसायला लागले आणि मला थांबता येईना. ज्या बाईला मटणाचा वास सोसत नाही, तिला त्यांनी मटणाच्या हावेपायी जन्मभर अंगणात बसवलं होतं, आणि मी आज प्रायश्चित्त म्हणून तिच्यासमोर तेच वाढून ठेवलं होतं. मीही कुठं विचारलं होतं! मी डबा लावायला घेतला. तिनं माझा हात धरला. तिची बोटं खरखरीत होती आणि लसणानं चिकट झाली होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. डब्यात वाकून बघितलं, नाक पदरानं धरून दोन बोटांनी नळी उचलली आणि माझ्या ताटलीत ठेवली. "ही तवा अर्दीच ऱ्हायली व्हती तुजी. तोंडातनं वढून घेतली मी. लई दिस मनात व्हतं माज्या, पोरीला पुरती खाऊ बी दिली न्हाई." आणि मग विचारलं, "कशी झालीया?"

"अळणी," मी म्हणाले. "तेव्हाही अळणीच होती."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, फडताळातून मिठाची बरणी काढली. रवी म्हणाला, "आत्या, म्हसोबाचं आहे ते," पण आवाजात जोर नव्हता. नैवेद्याला न चालणारा हात तिनं बरणीत घातला आणि चिमूटभर मीठ नळीच्या तोंडावर पेरलं, जसं ती माझ्या लहानपणी पेरूच्या फोडीवर पेरायची. "चोख आता. हितं बसून चोख, पळू नको."

"गुरुवारी दूध आत्या उतू घालवेल," मी रवीला म्हणाले. "नाहीतर मी येणार नाही, आणि का येत नाही ते प्राजक्ताच्या माहेरच्यांना मीच फोन करून सांगेन."

रवीनं हातातला बूट खाली ठेवला. आत आला आणि भिंतीला टेकून आमच्याजवळ जमिनीवर बसला, लहान असताना बसायचा तसा, गुडघे जवळ घेऊन. "आत्या," तो म्हणाला, "गुरुवारी गाडी आठला येईल."

"गुरुवारचं गुरुवारी बगू," आत्या म्हणाली. "तिला खाऊ दे आदी."

मी नळी तोंडाला लावून ओढली. काही आलं नाही. ताटलीच्या काठावर आपटली, पुन्हा ओढली, आणि सुर्रकन इतका मोठा आवाज आला की अंगणातली कोंबडी पळाली. आत्या पदर नाकाला लावून बघत होती, आणि पदराच्या वर तिचे डोळे हसत होते. गर थंड होता. मीठ आता बरोबर होतं.